टेस्ला : विक्रीचे आकडे बघायचे की अपघातांचे?

सर्व्हेअर_नाशिक

नमस्कार मंडळी.

जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाचा भाव ११०-१२० डॉलरपर्यंत उतरला होता, तेव्हा एलआरएसमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, पैसे पाठवून थोडे शेअर घेतले. आज तो चारशेच्या वर आहे आणि माझ्या परदेशी गुंतवणुकीत हा एकच शेअर फार मोठा होऊन बसलाय. ठेवावेत की कमी करावेत, यावर जाणकारांचं मत हवंय. पण आधी माझं डोकं कुठे अडलंय ते सांगतो, म्हणजे "लाँग टर्म धरून ठेवा" एवढ्यावर कोणी सुटणार नाही.

विक्रीचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०२३ मध्ये १८.०९ लाख गाड्या, २०२४ मध्ये १७.८९ लाख, आणि २ जानेवारी २०२६ ला आलेल्या आकड्यांप्रमाणे २०२५ मध्ये १६.३६ लाख. सलग दुसरी घट. निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांत चीनची बीवायडी साडेबावीस लाखांवर जाऊन पहिल्या नंबरावर बसली. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत टेस्लाने ४.९७ लाख गाड्या देऊन विक्रम केला खरा, पण तो ७,५०० डॉलरची सरकारी करसवलत ३० सप्टेंबरला संपणार म्हणून लोकांनी घाई केल्याचा परिणाम होता. पुढच्याच तिमाहीत ४.१८ लाख. यावर इथे भरपूर लिहून झालंय.

मला बोलायचंय ते सुरक्षेबद्दल. माझी उभी हयात मोटार विम्याचे क्लेम तपासण्यात गेली. ठोकलेली गाडी यार्डात आली की मालक आधी बॉनेट दाखवतो. मी आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघायचो. माणूस पट्टा लावून बसला असेल आणि धडक जोराची असेल, तर खांबावरच्या कडीतून पट्टा जिथे घासला तिथे तो चकाकतो, कधी प्लास्टिक वितळून त्याला चिकटलेलं असतं. ती खूण नसेल तर "साहेब, बेल्ट लावला होता" याला काही अर्थ नाही. या कामाने एक सवय लावली : गाडी सुरक्षित आहे असं कोणी म्हणालं की मी विचारतो, नेमकं काय मोजून म्हणताय?

कारण प्रश्न तीन आहेत आणि टेस्लावरच्या वादात ते कायम एकात एक मिसळले जातात.

पहिला, धडक झाल्यावर आतल्या माणसाला किती लागतं. इथे टेस्ला उत्तम आहे, यात वादच नाही. २०२२ च्या युरो एनसीएपी या युरोपातल्या धडक-चाचणीत त्यांच्या मॉडेल वाय गाडीला पाच तारे आणि प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी ९७ टक्के मिळाले. बॅटरीचं वजन तळाशी असल्याने गाडी सहजासहजी उलटत नाही. माझ्या पोटच्या पोरांना त्या गाडीत बसवायला मी एक क्षण विचार करणार नाही.

दुसरा, धडक किती वेळा होते, विशेषतः गाडी स्वतः चालत असताना. आणि तिसरा, धडकेनंतर किंवा वीज गेल्यावर माणूस बाहेर पडू शकतो का.

तिसऱ्याबद्दल थोडंसं. सप्टेंबर २०२५ मध्ये एनएचटीएसएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रस्ते-सुरक्षा यंत्रणेने, २०२१ च्या सुमारे १.७४ लाख मॉडेल वाय गाड्यांच्या दारांची चौकशी सुरू केली. बाहेरचे हँडल विजेवर चालतात. छोटी बॅटरी बसली की ते मुके होतात. मूल मागच्या सीटवर, आईबाप बाहेर, आणि दार उघडत नाही अशा तक्रारी होत्या. काहींना काच फोडावी लागली. मुंबईला बीकेसीत शोरूम उघडल्यावर मी मुद्दाम गेलो होतो. गाडी मागच्या दाराने बघायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलाला म्हटलं, वीज नाही असं समज आणि आतून हे दार उघडून दाखव. त्याने सौजन्याने दाखवलं. पुढच्या दाराला खटका हाताशी आहे. मागच्या दाराला मात्र खालच्या कप्प्याच्या तळाशी झाकण, त्याच्या आत केबल. मला दिवसाउजेडी, थंड डोक्याने ते कळलं. धूर भरलेल्या गाडीत अनोळखी प्रवाशाला कसं कळावं?

पण माझा मुख्य प्रश्न दुसऱ्या मुद्द्यावर आहे. कंपनी दर तिमाहीला एक आकडा देते. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत ऑटोपायलट (वेग आणि लेन गाडीनेच सांभाळायची, पण चालकाने लक्ष ठेवायची यंत्रणा) चालू असताना ६३.६ लाख मैलांमागे एक अपघात, आणि अमेरिकेची सरासरी सुमारे ७ लाख मैलांमागे एक. म्हणजे नऊपट सुरक्षित! आता हाच आकडा सर्व्हेअरच्या नजरेने बघा. ऑटोपायलट लोक बहुतांशी हायवेवर लावतात, जिथे मैलामागे अपघात मुळातच कमी होतात. सरासरीत गल्ल्या, सिग्नल, पाऊस, पंधरा वर्षं जुन्या गाड्या, सगळं आलं. शिवाय कंपनी मुख्यतः एअरबॅग उघडल्याचे अपघात मोजते. सरासरीत त्याहून किरकोळ अपघातही धरलेले आहेत. ही तुलना मी क्लेमच्या फाइलला लावली असती तर साहेबांनी फाइल परत फेकली असती. आणि कंपनीचा स्वतःशीच ताळा लावला तरी वर्षभरापूर्वी याच तिमाहीत तो आकडा ७०.८ लाख मैल होता. म्हणजे थोडी घसरणच.

तर प्रश्न असा. टेस्लाचा भाव नफ्याच्या अडीचशेपटीच्या पुढे आहे. गाड्या विकून एवढा भाव कुणालाच मिळत नाही, तो विनाचालक टॅक्सीच्या भरवशावर मिळतोय. मग "गाडी आपणहून किती वेळा ठोकते" हाच या धंद्याचा मूळ हिशोब झाला ना? आणि तो हिशोब आपल्याला स्वच्छ दिसत नसेल, तर शेअर कशाच्या जोरावर धरायचा?


पुणेरी_ट्रेडर

काका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण तुम्ही आरशात बघून गाडी चालवताय.

विक्री घटली, मान्य. पण का घटली ते बघा. २०२५ च्या सुरुवातीला नव्या मॉडेल वायसाठी चारही कारखान्यांच्या लाइन काही आठवडे बंद ठेवल्या होत्या. कंपनीचा प्रमुख एलॉन मस्क अमेरिकेच्या सरकारात गेला म्हणून निदर्शनं झाली, युरोपात गिऱ्हाईक दुरावलं. हे सगळं वाईट वर्षाचं सामान आहे. त्याच वर्षात वीज साठवायच्या मोठ्या बॅटऱ्यांचा, म्हणजे बॅटरी साठवणुकीचा, धंदा ३१.४ गिगावॉट-तासांवरून ४६.७ वर गेला. त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत.

आता रिकॉल, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं : ऑटोपायलटवरून डिसेंबर २०२३ मध्ये झालेला २० लाख गाड्यांचा रिकॉल पेपरात मोठ्या अक्षरात आला. प्रत्यक्षात गाडी घरी उभी असताना रात्रीत सॉफ्टवेअर अपडेट झालं. कुणी गॅरेजला गेलं नाही, कंपनीचा खर्च जवळपास शून्य. इतर कंपन्यांच्या रिकॉलशी तुलनाच होत नाही.

आणि ऑटोपायलटच्या जीवघेण्या अपघातावरून मियामीच्या कोर्टात कंपनीविरुद्ध लागलेला तो २४.३ कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल. कंपनीचा २०२४ चा नफा ७०० कोटी डॉलरच्या वर आहे. अपील करणार असं कंपनीने सांगितलं आहे. बाजाराने तो निकाल पचवला आणि डिसेंबरमध्ये शेअरने नवा उच्चांक केला. नोव्हेंबरमध्ये ७५ टक्क्यांहून जास्त भागधारकांनी मस्कच्या मोबदल्याच्या नव्या पॅकेजला मत दिलं. त्यात १० लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर आणायची अट आहे. एवढे लोक चुकत असतील?

माझा सल्ला : हलवू नका.


सर्व्हेअर_नाशिक

बॅटरी साठवणुकीचा मुद्दा रास्त आहे. तो भाग चांगला वाढतोय आणि मी तो मोजायला हवा. पण तेवढ्यावर हा भाव उभा राहत नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

रिकॉलवर मात्र मी अजिबात सहमत नाही. खर्च किती आला हा एक प्रश्न, दोष गेला का हा दुसरा. तो २० लाखांचा रिकॉल झाल्यावर चार महिन्यांत, एप्रिल २०२४ मध्ये, एनएचटीएसएने उपाय पुरेसा आहे का याची नवी चौकशी उघडली, कारण अपडेट घेतलेल्या गाड्यांचेही अपघात नोंदले गेले. त्यांच्या मूळ तपासात ४६७ अपघात निघाले होते आणि त्यातल्या किमान १३ अपघातांत माणसं गेली होती. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये धुकं, धूळ, तिरीप अशा कमी दिसण्याच्या परिस्थितीत फुल सेल्फ ड्रायव्हिंग (ऑटोपायलटच्या पुढची, शहरातही गाडी चालवणारी यंत्रणा) कसं वागतं यावर २४ लाख गाड्यांची चौकशी. त्यात ॲरिझोनात एक पादचारी गेल्याची घटना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये लाल सिग्नल तोडणं आणि उलट्या लेनमध्ये घुसणं यावर २८.८ लाख गाड्यांची आणखी एक. अपडेट फुकट झालं म्हणून हिशोब मिटत नाही.

मियामीच्या निकालाबद्दल तुम्ही रकमेचं बोलताय. मला रक्कम महत्त्वाची वाटत नाही. २०१९ ची घटना आहे, फ्लोरिडातलं की लार्गो. ऑटोपायलट चालू, चालकाचा फोन खाली पडला, तो वाकला, पाय ॲक्सिलरेटरवर. रस्ता संपतो त्या टी-जंक्शनला गाडी न थांबता पलीकडे उभ्या असलेल्या एसयूव्हीवर गेली. शेजारी उभी असलेली तरुण मुलगी ठार झाली, तिचा मित्र जबर जखमी झाला. ज्युरीने चालकाला ६७ टक्के आणि कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरलं. चालकाने स्वतःची चूक कबूल केलेली असताना!

या प्रकरणात माझं लक्ष एकाच गोष्टीवर खिळलं. धडकेनंतर काही मिनिटांत गाडीने अपघाताच्या क्षणाची सगळी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर पाठवली होती. खटल्यात कंपनी सांगत राहिली की ती नोंद आमच्याकडे नाही. शेवटी फिर्यादींच्या तज्ज्ञाने गाडीतल्या संगणकाच्या चिपवरून ती काढून दाखवली. मुद्दाम दडवलं नाही, अनवधानाने झालं, असं कंपनीचं म्हणणं होतं. असेलही. पण मी सर्व्हेअर म्हणून सांगतो, ज्याच्याकडे गाडीची प्रत्येक सेकंदाची नोंद आहे, त्याने पंचनाम्याच्या वेळी "सापडत नाही" म्हटलं तर त्या पार्टीचा पुढचा प्रत्येक कागद मी दोनदा वाचेन.

आणि ७५ टक्के लोकांनी मत दिलं म्हणून हिशोब बरोबर ठरत नाही. मत वेगळं, ताळा वेगळा.


ठाणेकर_ईव्ही

मंडळी, परदेशी शेअरच्या मागे कशाला लागता? नेक्सॉन ईव्ही आणि पंच ईव्ही दोन्हींना भारत एनसीएपीत पाच तारे आहेत, २०२४ पासून. माझ्याकडे नेक्सॉन आहे, घोडबंदरच्या खड्ड्यांतून रोज जाते. आपल्या कंपनीत पैसे घाला. प्रताप सरनाईकांनी बीकेसीच्या शोरूममधून पहिली टेस्ला घेतली सप्टेंबर २०२५ मध्ये, पण ६० लाखांची गाडी आपल्याकडे किती जण घेणार? आयात शुल्कच केवढं.


ऑस्टिनवासी_वैदर्भी

काका, नमस्कार. मी मूळची अमरावतीची, ऑस्टिनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि रस्त्यावर हे रोज बघते म्हणून लिहिते.

२२ जून २०२५ ला इथे टेस्लाची रोबोटॅक्सी सुरू झाली, मोजक्याच गाड्या आणि निवडक लोकांना बोलावून. भाडं तेव्हा ४.२० डॉलर ठेवलं होतं. नंतर सगळ्यांसाठी खुली झाली तेव्हा मी साउथ काँग्रेसच्या बाजूने बसले आहे. प्रवास सुरेख झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. डावीकडे वळताना समोरच्या पिकअपला तिने जो अंदाज घेऊन जाऊ दिलं, ते माझ्या नवऱ्यालाही जमत नाही. पण पुढे, चालकाच्या शेजारच्या सीटवर, कंपनीचा माणूस बसला होता आणि त्याचा हात सगळा वेळ दाराच्या बटणापाशी होता. मी त्याच्याशी दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला, तो नम्रपणे हसला आणि रस्त्याकडेच बघत राहिला. त्याचं काम गंभीर आहे हे त्यावरूनच कळलं. डिसेंबर २०२५ मध्ये आतमध्ये कोणीही नसलेल्या गाड्यांची चाचणी सुरू झाली.

आता तुमचा मुद्दा. तुम्ही म्हणता तसा हिशोब मांडता येतो, हे इथलीच दुसरी कंपनी करून दाखवते. वेमो आपल्या विनाचालक गाड्यांचे मैल आणि अपघात शहरवार प्रसिद्ध करते, डेटा उतरवून घेता येतो. सप्टेंबर २०२५ पर्यंत त्यांचे सुमारे १२.७ कोटी मैल झाले होते, चालकाच्या सीटवर कोणीही नसताना. तुलनाही त्याच शहरांतल्या माणसांच्या अपघातांशी करतात. टेस्ला सरकारला अपघात कळवते, कायद्याने कळवावंच लागतं, पण अपघात कसा झाला तो मजकूर गोपनीय म्हणून झाकून टाकते. सरकारी तक्त्यात बाकीच्या कंपन्यांच्या ओळींत वर्णन दिसतं आणि टेस्लाच्या ओळीत त्या रकान्यात झाकलेला मजकूर. तुम्ही स्वतः बघा, कुणालाही उघडता येतो.

वेमो धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. आमच्या इथेच शाळेची बस दिवे लावून उभी असताना त्यांच्या गाड्या बाजूने गेल्या, शाळा प्रशासनाने व्हिडिओ दिले, आणि डिसेंबरमध्ये त्यांना सॉफ्टवेअरचा रिकॉल करावा लागला. माझा मुलगा त्याच शाळांच्या बसने जातो, त्यामुळे मला ते फार लागलं. पण काय झालं ते आम्हाला कळलं. टेस्लाच्या बाबतीत मला ते कळत नाही.

आणखी एक, पुणेरी_ट्रेडर यांच्यासाठी. डिसेंबरमध्येच कॅलिफोर्नियात प्रशासकीय न्यायाधीशांनी ऑटोपायलटची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आणि ३० दिवस विक्रीचा परवाना निलंबित करायची शिफारस केली. मोटार वाहन विभागाने ते लगेच न राबवता कंपनीला सुधारायला मुदत दिली. कॅलिफोर्निया ही त्यांची अमेरिकेतली सगळ्यात मोठी बाजारपेठ. म्हणजे सुरक्षा एका बाजूला आणि विक्री दुसऱ्या बाजूला असं नाहीच आहे.


पुणेरी_ट्रेडर

ताई, नोव्हेंबरमध्ये टेस्लाने फुल सेल्फ ड्रायव्हिंगच्या अपघातांचं वेगळं पान काढलं आहे, आकडे कशाचे मोजतात तेही लिहिलंय. तेवढी तरी दखल घ्या. आणि वेमोच्या गाडीवर लेझरने अंतर मोजणारे लायडार, रडार, डझनावारी कॅमेरे. ती महाग. टेस्ला फक्त कॅमेऱ्यांवर चालते म्हणूनच लाखोंनी बनवता येते. पैसा तिथे आहे.


ऑस्टिनवासी_वैदर्भी

दखल घेतली. ते पान जुन्यापेक्षा नक्कीच बरं आहे. पण त्यात माणूस स्टिअरिंगवर बसून लक्ष ठेवतोय. टॅक्सीत तो नसणार. त्या मैलांचा हिशोब वेगळा लागेल आणि तो अजून समोर नाही. स्वस्त पडतं हे खरं, पण ऑक्टोबर २०२४ ची चौकशी नेमकी कॅमेऱ्याला कमी दिसण्याबद्दलच आहे.


सीए_डोंबिवली

चर्चा छान चालली आहे, मी फक्त कराचं सांगते. तुमचे शेअर २४ महिन्यांहून जुने आहेत, म्हणजे दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के अधिक सेस, इंडेक्सेशन नाही. अमेरिका अनिवासी व्यक्तीच्या या नफ्यावर कर घेत नाही. शेड्यूल एफए, म्हणजे विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता, कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचा, ते विसरू नका, दंड मोठा आहे. आणि एक गोष्ट ज्येष्ठांना कोणी सांगत नाही : अमेरिकी शेअर ६०,००० डॉलरच्या वर गेले आणि गुंतवणूकदाराचं निधन झालं तर तिथला वारसा कर लागू शकतो. भाव चौपट झाल्यावर पुष्कळांची रक्कम नकळत त्या रेषेच्या पलीकडे जाते. विकायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण हे एक कारणही हिशोबात धरा.


सर्व्हेअर_नाशिक

वैदर्भीताई, तुमचे फार आभार. सांगितल्याप्रमाणे सरकारी तक्ता उघडला. रात्री बायको झोपल्यावर बसलो होतो. वेमोच्या एका ओळीत लिहिलंय की गाडी सिग्नलला उभी होती, मागून दुसरी येऊन आदळली. अशी दोन वाक्यं वाचली की दोष कुणाचा ते मला घरबसल्या सांगता येतं. टेस्लाच्या ओळीत तारीख आहे, शहर आहे, इजा झाली की नाही तेही आहे, पण कसं झालं तेवढंच नाही. कदाचित त्यातले निम्मे अपघात समोरच्याच्या चुकीचे असतील. तसं असेल तर झाकून कंपनी स्वतःचंच नुकसान करतेय, कारण माझ्यासारखा माणूस झाकलेल्या रकान्यात वाईटच धरून चालतो. विम्यात तोच नियम आहे, कागद आला नाही तर क्लेम पुढे सरकत नाही.

ठाणेकर, टाटांच्या गाडीबद्दल आदर आहे, पण पाच तारे हा माझा पहिला प्रश्न झाला, दुसरा नव्हे. तो मुद्दा दोन्ही कंपन्यांना सारखाच लागू आहे.

पुणेरी, तुमच्या एका वाक्याने मला निर्णय घ्यायला मदत झाली. तुम्ही म्हणालात पैसा लाखोंनी गाड्या बनवण्यात आहे. १० लाख रोबोटॅक्सी म्हणजे रोज कोट्यवधी मैल. एवढ्या मैलांवर अपघाताचं प्रमाण अगदी किंचित जास्त निघालं तरी विम्याचा हप्ता, खटले आणि परवाने मिळून भाड्याची सगळी कमाई खाऊन जातील. आणि प्रमाण खरोखर कमी निघालं तर हा भावही स्वस्त ठरेल. दोन्ही टोकं त्या एका झाकलेल्या रकान्यावर टांगलेली आहेत. मला या कंपनीचं यश हवंय, मनापासून हवंय. चालकाच्या डुलकीने गेलेल्या माणसांच्या फाइली मी इतक्या पाहिल्या आहेत की डुलकी न घेणारी गाडी येणार असेल तर ती लवकर यावी असंच वाटतं. म्हणूनच तिचा हिशोब उघड हवा.

तर ठरवलंय ते असं. दोन तृतीयांश शेअर या महिन्यात विकतो, सीए ताईंनी सांगितलेली ६०,००० डॉलरची रेषाही त्यात सुटते. बाकीचे ठेवतो. आतमध्ये माणूस नसलेल्या टॅक्सीचे मैल आणि अपघात कंपनीने वर्णनासकट प्रसिद्ध केले, आणि त्याच शहरातल्या माणसांच्या अपघातांशी तुलना करून दाखवली, तर पुन्हा घ्यायचा विचार करेन, भाव वर गेलेला असला तरी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिमाही विक्रीचे आकडे येतील, तेव्हा धागा वर काढतो. वैदर्भीताई, तोवर सरकारी तक्त्यात टेस्लाची एखादी ओळ उघडलेली दिसली तर इथे नक्की टाका.